जरा मळलेलं विमान

चिमट्यात धरलेला क्रमांकाचा इवलासा स्टिकर त्यानं पाण्यातून काढला आणि श्वास रोखून विमानाच्या छोट्या प्रतिकृतीच्या शेपटीवर टेकवला. कापसाच्या बोळ्यानं कडेचं पाणी टिपलं. क्रमांक सरळ बसला. मग कुठं समोर पाहुणे बसलेत याची त्याला आठवण झाली.

"चहा निवतोय तुमचा," तो ओशाळून म्हणाला.

"निवू द्या. तुमचं चालू द्या," कॅप्टन म्हणाले.

मागच्या आठवड्यात हे म्हातारे गृहस्थ त्याच्या चष्म्याच्या दुकानात आले होते. डोळे तपासता तपासता बोलणं निघालं, आणि आपण पूर्वी रुग्णांची ने-आण करणारं छोटं विमान चालवायचो, असं ते सहज बोलून गेले. त्याच्या हातातलं भिंग टेबलावर आपटलं. त्या काळी त्याच्या गावात असं विमान एकच होतं आणि वैमानिकही एकच.

त्याची मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली होती, निळी पडलेली. मोठ्या शहरात नेलं तरच काही आशा, असं डॉक्टरांनी सांगितलं. विमानात बापाला जागा नव्हती. धावपट्टीच्या तारेच्या कुंपणाला धरून तो विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत बघत राहिला होता. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. पुढं सवड मिळेल तसं तो हे विमान घडवत गेला. बायको म्हणायची, "अहो, पोरगी नोकरीला लागली, तुमचं विमान काही उडेना."

आज ते पुरं होत होतं आणि ज्यांचे आभार मानायचे तेच समोर बसले होते. कितीदा मनात घोळवलेलं सगळं तो एका दमात बोलला. कॅप्टननी शांतपणे ऐकलं.

"खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "मला नाही आठवत. अशा फेऱ्या रोजच्याच असायच्या."

तो चिमटा पुसत राहिला. बायकोनं बिस्किटांची बशी उगीचच पुढं सरकवली.

"पण हे चुकलंय," कॅप्टन विमानाकडं बोट करत म्हणाले. "एवढं चकचकीत नव्हतं आमचं. पोटाखाली तेलाचे ओघळ, धूर. सदा मळकट." त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. "काळा रंग आहे?"

बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. या विमानाला त्यानं कुणाला कधी हात लावू दिला नव्हता. झाडतानासुद्धा तिला आधी सांगावं लागे. त्यानं मुकाट्यानं रंगाची डबी उघडून पुढं केली.

कॅप्टननी अंगठ्याला किंचित रंग घेतला. विमान उलटं धरून इंजिनापासून मागं ओढला, जोर हळूहळू कमी करत. ओघळ अगदी खराखुरा उमटला.

"हां. आता ओळखीचं वाटतंय."

"खूप जणांना वाचवलंत तुम्ही," बायको म्हणाली.

"ते कुणास ठाऊक, वहिनी. खाली उतरलो की गाडी यायची, पेशंट घेऊन जायची. आम्ही इंधन भरून परत. पुढं काय झालं ते कुणी सांगायचं नाही. नंतर नंतर मीही विचारणं सोडलं."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. खांद्यावरची बॅग खुर्चीत फेकत मुलगी आत आली.

"आई, भूक! पोटात नुसते कावळे ओरडतायत. आणि बाबा, पुन्हा रंगाचा वास? खिडकी तरी उघडायची." पाहुणे दिसताच तिनं जीभ चावली. "सॉरी हं काका."

कॅप्टननी विमान अलगद टेबलावर ठेवलं. एकदा बापाकडं पाहिलं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

खुर्चीचा हात धरून म्हातारा सावकाश उभा राहिला.

"अहो, बसा ना काका," मुलगी गोंधळून म्हणाली.

ते बसले नाहीत. तिनं खिडकी उघडली, बशीतलं बिस्कीट तोंडात टाकलं, आणि ते तिच्याकडं बघतच राहिले.