बोटवाल्याचा शेवट

ते २०२३ साल होतं. अधिकाचा श्रावण आल्यामुळं सगळे सण महिनाभर पुढं गेले होते, आणि बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यामुळं धुळे-जळगावच्या गाड्यांमध्ये पुरुषमाणसांना बसायला जागा राहिली नव्हती. दिवाळी होऊन गेली होती. एका शनिवारी सकाळी कमलबाई धुळ्याच्या आपल्या घरात वांगी भाजायला घेऊन बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. यावलहून योगराज बोलत होता, त्यांच्या मैत्रिणीचा, बेबाबाईंचा मुलगा.

"मावशी, आई तुमच्याकडे आली का?"

"नाही रे. का?"

"सकाळपासून घरात नाही. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेला आहे. कोणाला काही बोलली नाही."

फोन टेबलावर ठेवलेला, हे ऐकलं आणि कमलबाईंनी हातातलं वांगं खाली ठेवलं. टेबलावर फोन ठेवून न सांगता निघून जाणारा माणूस त्यांना माहीत होता. त्यांनीच बेबाबाईंची त्याच्याशी ओळख करून दिली होती.

त्याचं असं होतं. कमलबाईंच्या यजमानांचं पाचव्या गल्लीत व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. ते माल आणायला जायचे तेव्हा गल्ल्यावर कमलबाई बसायच्या. दुपारी बायका यायच्या, कापडी पिशवी पुढं करायच्या आणि म्हणायच्या, अक्का, तुम्हीच द्या काहीतरी चांगलं. कुणाला रडायला लागतं, कुणाला हसायला, कुणाच्या सासूबाई शेजारी बसतात म्हणून सोज्वळ लागतं, हे कमलबाईंना चेहऱ्यावरून कळायला लागलं. दुकान गेलं, यजमानही गेले, सवय मात्र राहिली. मोबाइल आल्यावर जामनेरच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा त्यांनी एक ग्रुप केला, आणि आठवड्याला एक सिनेमा नाहीतर मालिका बघून त्या ती कशी आहे ते फोनवर बोलून पाठवू लागल्या. अट एकच. हिरो साठीच्या पुढचा पाहिजे. पोरसवदा नटांना नाचताना बघायचं वय आता राहिलं नाही, असं सगळ्यांचंच मत पडलं होतं.

ग्रुपला नाव बेबाबाईंनी दिलं, 'पिकली केळी'. त्यांच्या घरी केळीच्या बागा. त्या म्हणायच्या, "घड हिरवाच कापतात बाई. गोडी मागून येते. माणसाचं बी तसंच."

नटांची नावं कुणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून बायकांनी आपलीच नावं ठेवली होती. पांढऱ्या कल्ल्यांचा, रिटायर झालेला न्यायाधीश तो कोटवाला. केरळातला, लुंगी नेसून गुन्हे शोधणारा डॉक्टर तो छत्रीवाला. कोरियातला, सुनेला टॅक्सी चालवायला शिकवणारा तो टॅक्सीवाला. आणि सगळ्यांत देखणा बोटवाला. करडी दाढी, कपाळावर उन्हाच्या रेघा, आवाज असा की भाषा कळली नाही तरी ऐकत राहावं. परदेशातल्या कुठल्याशा नदीवर त्याची बोट होती. बायको मेलेली, मुलगा तोडून बोलणारा. एक दिवस तो फोन टेबलावर ठेवतो, दाराला कडी घालतो आणि निघतो.

कमलबाईंनी ग्रुपवर पाठवलेला संदेश त्यांना आता शब्द न शब्द आठवत होता. "असं निघता आलं पाहिजे ग. कुणाला न सांगता. त्याचा चेहरा बघा निघताना, जसं ओझं उतरलं. शेवटपर्यंत बघा, सोडू नका."

आणि शेवट त्यांनी स्वतःच बघितला नव्हता. त्या दिवशी नेट संपलं होतं. दुकानात असताना पूर्ण न बघितलेली कॅसेट त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती.

बेबाबाई आठवडाभर ग्रुपवर गप्प होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा एवढाच निरोप आला होता: "कमल, तुह्यं पटलं मले. निघता आलं पाहिजे." कमलबाईंनी त्याला हसरं तोंड पाठवलं होतं.

गॅस बंद करून, वांगी तशीच टाकून त्यांनी पिशवी उचलली. शेजारच्या मंदाबाईंना सांगून जावं तर त्या देवपूरला लेकीकडं गेलेल्या. दाराला कुलूप लावलं आणि त्या स्टँडवर आल्या. घरी बसून फोनची वाट बघणं त्यांना शक्य नव्हतं.

जळगावची गाडी सुटली. पलीकडच्या सीटवर बायका कोणाच्या तरी लग्नातल्या मांडवाबद्दल बोलत होत्या. कमलबाईंनी फोन काढला आणि बोटवाला लावला, जिथं राहिला होता तिथून.  आवाज अगदी बारीक ठेवला होता. बोटवाला जंगलातून चालत होता. एका म्हाताऱ्या बाईकडं त्यानं पाव खाल्ला. मग नदी दिसली. पारोळ्याच्या स्टँडमध्ये गाडी शिरताना तो काठावर आला, आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं.

"आजी, एवढं मन लावून काय बघता?" कंडक्टरनं विचारलं.

"शेवट बघते बाबा."

"मग रडायचाच असंल."

गाडी स्टँडमधून बाहेर पडल्यावर चित्र पुन्हा हललं. बोटवाला खाली वाकला. त्यानं बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले, टाचा जोडून. मग तो पाण्यात शिरला. गुडघे, कंबर, छाती. तो हसत होता. पाणी सपाट झालं आणि अक्षरं वर सरकायला लागली.

कमलबाईंनी फोन पदराखाली धरला, जसं काही तो कोणी बघेल.  मी तिला शेवटपर्यंत बघ म्हणाले, एवढंच त्यांच्या मनात फिरत राहिलं. एरंडोल गेलं, ते त्यांना कळलं नाही.

जळगावला उतरल्या तेव्हा योगराजचा पुन्हा फोन आला. आता त्याचा आवाज खाली गेला होता. "मावशी, पहिल्या गाडीचा कंडक्टर भेटला. म्हणतो, एक बाई तापीच्या पुलाजवळ उतरल्या. भुसावळचं तिकीट होतं, पण मधेच उतरल्या."

"तू कुठं आहेस?"

"पुलावरच."

भुसावळपर्यंतची गाडी, तिथून पुलापर्यंतची रिक्षा, कमलबाईंना नंतर कधीच नीट सांगता आली नाही. रिक्षावाल्याला त्या दोनदा म्हणाल्या, हळू चालव. पोहोचायचंही होतं आणि पोहोचायचंही नव्हतं.

पुलाच्या यावलकडच्या टोकाला चहाची टपरी होती. टपरीवाला गिरधर आबा, डोक्यावर पांढरेशुभ्र केस, नाक सरळ, अंगात स्वच्छ बंडी. एरवी कमलबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं असतं आणि ग्रुपवर सांगितलंही असतं. आज त्यांनी फक्त त्याच्या तोंडाकडं बघितलं, काय बोलतो म्हणून.

"उतरल्या व्हत्या एक बाई," तो म्हणाला. "हातात पिशवी व्हती. तिकडं पायऱ्यांनी खाली गेल्या. वर येताना मी पाहिल्या नाहीत. दुधाची गाडी आलेली, मी तिच्यातच."

योगराज मोटारसायकलला टेकून उभा होता. पन्नाशीला आलेला माणूस, पण चेहरा शाळेतून हाकलून दिलेल्या पोरासारखा. कमलबाईंना बघून त्याचा राग वर आला.

"तुम्हीच भरवलं तिच्या डोक्यात, मावशी. ते नट, त्या मालिका. या वयात."

 तो बोलला त्यात खोटं काय, असं कमलबाईंना वाटत होतं. तो नदीकडं वळला आणि दुसऱ्याच आवाजात म्हणाला, "परवा केळी कापायला माणसं आली होती. चहा सांगितला, तर ही आत मोबाइलवर त्या नटाला बघत बसलेली. मी त्यांच्यासमोर म्हणालो, एवढाच आवडतो तर जा त्याच्याकडं राहायला. माणसं हसली."

"आणि ती?"

"तिनं चहा केला."

तिघं पायऱ्यांनी खाली उतरले. नदीला पाणी बरंच होतं, हिरवट, सावकाश जाणारं. शेवटून तिसऱ्या पायरीवर शनीची छोटी घुमटी होती, तेल ओतून काळी पडलेली. आणि तिच्यापुढं, पाण्याकडं तोंड करून, एक चपलांची जोडी होती. टाचा जोडलेल्या.

तपकिरी पट्ट्याच्या, आतून मऊ गादीच्या. दोघी मिळून जळगावच्या फुले मार्केटमध्ये गेल्या होत्या तेव्हा घेतलेल्या. बेबाबाई तेव्हा दुकानदाराला म्हणाल्या होत्या, माझ्या पायाला लई चालायचं आहे अजून.

कमलबाई पायरीवर बसल्या.  योगराज चपलांजवळ उकिडवा बसला होता, पण हात लावत नव्हता. "आईच्याच आहेत," तो म्हणाला. मग त्यानं फोन काढला आणि कोणा पोहणाऱ्यांना बोलवायला लागला, पण गावाचं नाव सांगताना त्याची जीभ अडखळत होती. पाण्यावर एक झेंडूचं फूल गोल फिरत होतं. कमलबाई त्या फुलाकडं बघत राहिल्या. दुसरीकडं कुठं बघितलं तर काही दिसेल, याची त्यांना भीती वाटत होती. त्यांना आठवलं, शाळेत असताना वाघूर नदीच्या पाण्यात सगळ्या पोरी उतरायच्या आणि बेबाबाई, तेव्हाची बेबी, काठावर कपडे सांभाळत बसायची. तिला पोहता येत नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मंदाबाईंचं नाव होतं. त्यांनी तो कापला. पुन्हा वाजला.

"कमलअक्का, कथा शे तू? मी आत्तेच देवपूरथून उनू. तुन्हा दारमा एक बाई बठेल शे. पायमा चप्पल नही. काय विचारं ते म्हणस, कमल येवाशिवाय मी पाणी बी पिवाव नही."

"माझ्या दारात एक बाई बसली आहे, अनवाणी," कमलबाई योगराजला म्हणाल्या. त्यांनी फोन योगराजकडं धरला, मग पुन्हा आपल्याच कानाला लावला. पलीकडं मंदाबाईंच्या हातातून कोणीतरी फोन ओढून घेतला होता.

"कुठी मरायले गेली व्हती तू?" बेबाबाई म्हणाल्या. "मी केव्हाची पायरीवर बशेल आहे. पाय पोळले माह्ये."

"बेबे," कमलबाई म्हणाल्या. 

"रडते कायले? योगराज म्हने, जा त्याच्याकडं राहायले. आता बोटवाल्याकडं कशी जाऊ, तो परदेशात राह्यतो. म्हनून तुह्याकडं आली."

"चपला कशाला काढून ठेवल्या ग नदीवर?"

"अय, तूच तर दाखोलं. निघाल्यावर तो नदीवर जातो, बूट काढून ठेवतो. नदीची ओटी भराले उतरला असंल, तापी वलांडाच्या आधी आपन नाही का करत. अन् बूट काठावर ठेवले म्हनजे पनवती सोडली. त्याले बी साडेसाती असंल, सगळं घर वाऱ्यावर गेलं व्हतं त्याचं. मी तिथंच बंद केला मोबाइल. म्हटलं, आज शनिवारच पडतो, शनीपुढं चपला सोडल्या की पीडा जाते, आपन बी सोडून देऊ. नारळ वाह्यलं, खण वाह्यला, तशीच वर आली अन् जी गाडी दिसली तिच्यात बसली."

"शेवट नाही बघितलास?"

"शेवट काय बघाचा. निघाला माणूस, झालं."

पारोळ्याच्या स्टँडवर त्या सकाळी दोन्ही गाड्या बहुधा शेजारीशेजारी उभ्या असतील. एकीच्या खिडकीत अनवाणी बेबाबाई होत्या, आणि दुसरीत कमलबाई, खाली मान घालून शेवट बघणाऱ्या.

योगराजनं पोहणाऱ्यांना नको म्हणून कळवलं. कमलबाईंनी त्याला आईचं सगळं बोलणं सांगितलं. मग तो चपला उचलायला वाकला.

"राहू द्या, भाऊ," गिरधर आबा म्हणाला. "सोडलेल्या चपला घरी नेऊ नाही."

योगराजनं हात मागं घेतला. वर आल्यावर गिरधर आबानं तिघांसाठी चहा केला आणि कुणाच्याच तोंडाकडं बघितलं नाही.

बेबाबाई धुळ्याला मार्गशीर्ष संपेपर्यंत राहिल्या. मंदाबाईंच्या जुन्या स्लीपर घालून बाजारात जायच्या. योगराज न्यायला आला तेव्हा नव्या चपलांचा खोका घेऊन आला, पण एका मापानं लहान आणल्या, त्यावरून त्याला बोलणी खावी लागली. पुन्हा त्यानं माणसांसमोर आईला काही म्हटलं नाही. आपसात म्हणत असेल. त्या अजून यावललाच आहेत, आणि बोटवाल्याचा शेवट त्यांना आजपर्यंत कुणी सांगितलेला नाही. गिरधर आबाची टपरी रस्ता रुंद करताना गेली. तो मुलीकडं शिंदखेड्याला गेला म्हणतात. मंदाबाई ग्रुपमध्ये आल्या, त्यांना छत्रीवाला आवडतो.

कमलबाई आता शेवट आधी बघतात, मगच सुरुवात बघतात, आणि त्यानंतर ग्रुपवर सांगतात. बेबाबाईंचा सकाळचा निरोप यायला उशीर झाला तर हातातलं काम ठेवून त्या फोन लावतात. पलीकडून "काय ग" ऐकू येईपर्यंत त्यांना टाचा जोडून ठेवलेल्या त्या चपला दिसत राहतात.