मिठाचं पाणी

जानेफळात वीज येऊन चार वर्षं झाली होती, पण संध्याकाळी चुली पेटायच्या वेळेला ती हमखास जायची. मग बाया निवडायचं, शिवायचं घेऊन वच्छलाबाईच्या ओट्यावर यायच्या. तिच्या कंदिलाची काच गावात सगळ्यांत लख्ख असे, आणि त्याचा तिला अभिमान होता.

दिवाळीनंतर तिचा धाकटा दीर सहदेव मलकापूरहून एक जुनी ट्रकची बॅटरी घेऊन आला. तो तिथं गॅरेजमध्ये कामाला होता, रविवारी घरी यायचा. घराच्या त्याच्या अर्ध्या भागात त्यानं ती फळीवर ठेवली, शेजारी एक चार्जर बसवला, आणि आढ्याला बारा व्होल्टचा लहानसा दिवा टांगला. वीज असली की बॅटरी भरायची, वीज गेली की बटण दाबायचं. ना धूर, ना वात, ना काजळी.

आठ दिवसांत ओटा रिकामा झाला. बाया भिंतीपलीकडे, सहदेवच्या बायकोकडे, चांगुणाकडे बसू लागल्या. मग सासू गोजरबाईनंही आपली शिवायला घेतलेली वाकळ उचलली.

"तिकडं सुई ओवता येते वं," म्हातारी म्हणाली.

बारा वर्षं सासूचे पाय वच्छलाबाईनं चेपले होते, आणि काल आलेल्या चांगुणानं एका बटणावर तिला नेलं होतं. भिंतीपलीकडे हसू फुटलं की इकडं हिची तव्यावरची भाकर करपायची.

बॅटरीत शुद्ध पाण्याशिवाय दुसरं काही घालायचं नाही, हे सहदेव चांगुणाला दर रविवारी बजावायचा. भिंतीआडून ते वच्छलाबाईच्याही कानावर पडायचं. एका दुपारी चांगुणा कापूस वेचायला गेली असताना ती आत शिरली. बॅटरीची सहाही झाकणं काढली आणि तांब्यातलं मिठाचं पाणी थोडं थोडं ओतलं. आतून उसळलेले शिंतोडे तिच्या बोटांवर आणि लुगड्यावर उडाले. बोटं चुरचुरली. ती घाईनं निघून आली.

चार दिवसांत दिवा लाल पडला, पाचव्या दिवशी लागलाच नाही. वच्छलाबाईला त्या रात्री गाढ झोप लागली.

लुगडं धुतलं तेव्हा मात्र त्याला चाळणीसारखी भोकं पडली. दोघी जावा आडावर होत्या. गॅरेजमधल्या नवऱ्याचे बॅटरीच्या तेजाबानं असेच भोकं पडलेले सदरे चांगुणा वर्षभर शिवत होती. तिनं लुगड्याकडे पाहिलं, मग जावेच्या बोटांकडे.

"बाई, बोटाले खायचा सोडा लावा," एवढंच ती म्हणाली.

रविवारी सहदेवनं झाकणं उघडली आणि कपाळाला हात लावला.

"यात काय टाकलं वं कोणं?"

"माह्याकडूनच चुकलं," चांगुणा म्हणाली. "आडाचं पानी टाकलं म्या."

दारात उभी असलेली वच्छलाबाई ते ऐकत होती. गोजरबाई कौतुकानं धाकटीकडे पाहत होती. चूक कबूल करते, गरीब गाय आहे, असं ते पाहणं होतं. वच्छलाबाई उंबरा ओलांडून आत आली. दिवा हिचा, बाया हिच्या, सासू हिची, आणि आता चांगुलपणाही हिचाच.

"खोटं बोलून राह्यली ते," ती म्हणाली. "मीठ म्या टाकलं."

सहदेवनं बॅटरी पोत्यात गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि एसटीच्या थांब्याकडे निघून गेला. सासूनं पदर तोंडाला लावला. खोटं उघडं पडल्यावर चांगुणाचा चेहरा मात्र पहिल्यांदाच उतरला होता, आणि ते पाहून वच्छलाबाईला लाज वाटली, थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी वीज गेली. वच्छलाबाई ओट्यावर एकटीच मूग निवडत होती. चांगुणा आपलं सूप घेऊन आली आणि समोर बसली.

"मले तोंड दाखवाले लाज वाटते," वच्छलाबाई म्हणाली.

"मलेबी तुमचा राग हायेच," चांगुणा म्हणाली. "पन आंधारात बसून काय करू?"

दोघी निवडत राहिल्या. थोड्या वेळानं वच्छलाबाईच्या लक्षात आलं, की चांगुणाचा हात आपल्यापेक्षा भराभर चालतो आणि तिच्या सुपात एकही खडा राहत नाही. तिनं कंदील आपल्या बाजूला ओढला, आणि मग, चांगुणानं मान वर करायच्या आत, परत मधे सरकवला.