वाढलेलं ताट

रक्षा द्रोणांत बुंदी भरत होती. नणंद दोनदा येऊन सांगून गेली, वहिनी, तुम्ही बसा. पण बसून करायचं काय? हाताला काम होतं तोवर बरं होतं. गेलेल्या नवऱ्याच्या, धनंजयच्या पुण्यानुमोदनाला माणूस लोटला होता. वंदना झाली, भंतेजी बोलले, आता मांडवात एकेक जण उठून माइक हातात घेत होता.

कंपनीचे साहेब म्हणाले, धनंजय थूलांनी बियाण्यांचं टार्गेट कधी चुकवलं नाही. मार्केटिंगसाठी सोबत फिरणारा रुपेश म्हणाला, भाऊ कुठल्याही गावात असोत, रात्री घरीच परतणार. "तुमची वहिनी जेवाची थांबली असन," म्हणायचे आणि गाडीला किक मारायचे. लोकांनी डोळे पुसले. रक्षाचे कोरडेच होते. तो गेल्यापासून ती रडलीच नव्हती. आत सगळं बधिर झालं होतं आणि त्यात एकच गोष्ट ठणकत होती.

शुगर. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तिनं त्याच्या ताटावर पहारा ठेवला होता. रात्री दोन पोळ्या, पालेभाजी, भात बंद. धनंजय निमूट जेवायचा, लेकीला, नंदिनीला शाळेचं विचारायचा, झोपायचा. तरी रिपोर्ट दरवेळी वाईटच. "घरी पथ्य नीट चाललंय ना?" डॉक्टर तिलाच विचारायचे. मग हृदयानं दगा दिला. माझं काय चुकलं, हा प्रश्न घेऊन ती तेव्हापासून फिरत होती, आणि विचारायला कोणी नव्हतं.

सभा उठली. पंगतीची घाई सुरू झाली, तशी एक म्हातारी सुनेचा हात धरून थेट रक्षाकडे आली.

"मी जिजाबाई. तिकडं समुद्रपुराकडची, धनंजयच्याच गावची. बियाणं घेऊन आला का माह्या घरी जेवल्याबिगर जाय नाई थो."

रक्षाच्या हातातला डाव थांबला.

"जेवत होते? तुमच्याकडं?"

"माह्याकडं, पाटलाकडं, जिथं जाय तिथं. कोणाच्या ताटाले नाई म्हणे नाई."

रक्षाला संताप आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं. घरी येऊन तिच्यासमोर पुन्हा दोन पोळ्या खायच्या, वर भाजी छान झाली म्हणायचं, आणि एका शब्दानं सांगायचं नाही!

"डॉक्टरनं मना केलतं त्याइले. तुमाले सांगतलं नाई?"

म्हातारीचा चेहरा उतरला. ती खुर्चीवर बसली.

"नाई व माय. सांगतलं असतं तं मी वाढलंच नसतं."

सून जवळ उभी होती, तिकडे न बघता जिजाबाई खालच्या आवाजात बोलू लागल्या.

"त्याचा बाप आमच्या वावरात कामाले होता. तवा आमी त्याच्या वंजळीत वरून पाणी टाकत होतो. भाकर द्याची तं ओट्याखाली. हे पोरगं बापाजवळ बसून पाहे. मोठा होऊन कंपनीच्या कामानं आला, तवा म्या घरात पाट मांडला. मनात म्हटलं, हा जेवन का उठून जाईन? जेवला. भात मांगून घेतला."

रक्षाला तो राग आता कुठे ठेवावा ते कळेना. धनंजयनं वडिलांबद्दल तिला पुष्कळ सांगितलं होतं. हे मात्र कधीच नाही.

"तुमी वाढलं नसतं," ती म्हणाली, "म्हणूनच नसन सांगतलं."

जिजाबाईंनी मान हलवली. पलीकडे कोणीतरी पाण्यासाठी हाका मारत होतं.

रक्षानं एक ताट घेतलं. भात वाढला, वरण, वांग्याची भाजी, बाजूला बुंदी. ताट जिजाबाईंसमोर ठेवलं.

"जेवून घ्या, आजी. लांबून आल्या तुमी."

सून घाईनं वाकली. "आत्याबाई, आज चतुर्थी हाये तुमची. चंद्र निंगाच्या आधी कसं..."

रक्षानं ताट उचलायला हात पुढे केला.

"राहू दे व," जिजाबाई म्हणाल्या, आणि भात कालवू लागल्या.