बरडावरचा अर्धा एकर

नगमानं जीपचं दार ढकललं, एक पाय खाली टेकवला आणि दुसरा तसाच आत राहिला. काल दुपारी ती अकोल्याची एसटी धरायला निघाली, तेव्हा या बरडावर कमरेएवढं गवत उभं होतं. आता तिथं नुसते खुंट होते, जागोजाग शेण होतं आणि मधोमध तीन मरतुकड्या गायी उभ्या होत्या.

"हीच का ती जागा?" मागून डॉ. गोदावरी सोमण यांनी विचारलं.

"हो. हीच," नगमा म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना.

सोमणबाई पुण्याच्या, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. गवताळ रानांचा अभ्यास करणाऱ्याला एक न्यास तीन वर्षांची शिष्यवृत्ती देत असे आणि बाई त्या न्यासाच्या निवड समितीवर होत्या. नगमाचा अर्ज त्यांना आवडला होता. पण कागदावरचं गवत आपण मानत नाही, असं म्हणून त्या जागा पाहायला स्वतः अकोल्यापर्यंत आल्या आणि तिथून सकाळी नगमाला घेऊन जीपनं निघाल्या. वाटेत मूर्तिजापूरपासून नगमा एकसारखी बोलत होती. पूर्वी या मुरमाड बरडावर नुसती कुसळी होती, कपड्यांत घुसून टोचणारी. दोन पावसाळे काट्यांचं कुंपण करून ढोरं बाहेर ठेवली, तर पवन्या आला, मारवेल आला, ढोरं आवडीनं खातात ती गवतं. हे जर अब्बांच्या अर्ध्या एकरात होतं, तर गावच्या गायरानात का होणार नाही? बाई ऐकत होत्या, मधूनच नेमकं विचारत होत्या, आणि नगमाला वाटत होतं, जमलं बाई आपलं.

जमायलाच हवं होतं. नाही जमलं तर दिवाळीनंतर परतवाड्याला परवेजमामूच्या बी-बियाण्याच्या दुकानात बसायचं ठरलेलं होतं. मामूनं तिच्यासाठी गल्ल्याजवळ खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

गावाला मात्र या शिष्यवृत्तीचं भारी नवल. शफीकभाईनं, म्हणजे नगमाच्या अब्बांनी, नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा लोकांनी हातातले चहाचे पेले तसेच धरून ठेवले होते.

"गवत पाहाचे पैसे देतात?"

"हाव ना. तीन वर्ष."

"बाप्पा! अन् आमी जनमभर पाहून राहिलो, आमाले कोनी इचारलं नाही."

तेव्हापासून जो भेटेल तो शफीकभाईला विचारी, पोरीचं काय झालं? आणि म्याडम स्वतः पाहायला येणार हे कळल्यावर तर गावानं काही कसर ठेवायची नाही असंच ठरवलं.

इथं एक सांगायला हवं. त्या वर्षांत वऱ्हाडात पथकं फार. दिल्लीचं पथक, मुंबईचं पथक, बँकेचं पथक, पेपरवाल्यांचं पथक. कापसाचं वाटोळं झालं होतं, माणसं जीव देत होती आणि पांढऱ्या गाड्या धूळ उडवत येऊन विचारत होत्या, काय काय गेलं ते दाखवा. गाव शिकलं. ज्याच्या वावरात चार बोंडं धड दिसली त्याचं नाव कागदावर चढलं नाही, हे एकदा पाहिल्यावर कोणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. गाडी येणार म्हटलं की धड दिसेल ते लपवायचं आणि मोडकं पुढं आणायचं. यात कोणाला खोटेपणा वाटत नव्हता. पाहुणा आला की चहा टाकतात, पथक आलं की दैन्य मांडतात, इतकं ते सरळ झालं होतं.

या कामातले वस्ताद म्हणजे माजी सरपंच खुशालराव. ते आज पांढरी टोपी खिशात घालून, बोडक्या डोक्यानं उभे होते. त्यांच्या शेजारी शफीकभाई. अंगात फाटका कुर्ता. हा कुर्ता खुर्शीदबीनं, नगमाच्या आईनं, कधीचाच फरशी पुसायला काढला होता.

"पाहा म्याडम," शफीकभाईनं हात पसरले. "काईच नाही राह्यलं. काडी नाही गवताची. ढोरं उपाशी मरून राहिली. माह्या पोरीले तुमची मदत भेटली त कायतरी होईन इथं."

"डोळे पुसा ना," खुशालराव हळूच म्हणाले.

नगमाला सगळं एकदम कळलं. अब्बांचा असा राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता. आणि त्याच दमात रडूही येत होतं, कारण तो फाटका कुर्ता त्यांनी तिच्यासाठीच घातला होता. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

सोमणबाई खाली बसल्या. एक खुंट त्यांनी चिमटीत धरला, वाकवून पाहिला, नाकाशी नेला.

"हे कालच चरलंय," त्या म्हणाल्या. "रस अजून वाळलेला नाही."

एका गायीनं शेपटी हलवली.

"नगमा, गवत होतं हे मी मानते. खोटं लिहिलं नाहीस तू." बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "पण अर्जात तू गावचं सगळं गायरान तीन वर्षं बंद ठेवायचं म्हणतेस. घरचा अर्धा एकर तुला एक दिवस राखता आला नाही. लोक तुझं ऐकत नसतील, तर आमचे पैसे घेऊन तू करणार काय?"

खरं काय ते बोलायचं म्हटलं तर सगळ्या गावाला उघडं पाडावं लागणार होतं, आणि गावाच्या पुढं अब्बा उभे होते.

"चूक माझी झाली, मॅडम," नगमा म्हणाली. "मी इथं थांबायला हवं होतं."

बाईंनी मान हलवली. वाईट वाटल्यासारखी, पण हलवली. आणि त्या जीपकडे वळल्या.

शफीकभाईचे पसरलेले हात अजून तसेच होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं. पैसे मिळणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो, एवढं त्यांना नक्की कळत होतं.

"काय झालं वो?" त्यांनी विचारलं. "काहून चालल्या त्या?"

"अब्बा, त्यायले गवत पाहाचं होतं."

"आता गवत पाहून काय..." ते मध्येच थांबले. मग एकदम, कुर्ता सावरत, जीपच्या दिशेनं धावले.

"म्याडम! ओ म्याडम! थांबा. पोरीची चूक नाही. म्याच सोडले ढोरं. म्याच काटे बाजूले केले, इचारा कोनालेई."

"शफीकभाई, गप राहा ना," खुशालराव दबक्या आवाजात म्हणाले.

"काहून गप राहू? माह्या पोरीचं वाटोळं होऊन राह्यलं." ते धापा टाकत होते. "आमाले वाटलं, पथक आहे. पथकाले हिरवं दाखवलं त ते म्हनते, तुमचं बरं चाललं, अन् निघून जाते. म्हणून साऱ्याईनं मिळून चारलं. आमच्या गावचं काम आहे हे. पोरगी अकोल्यात होती, तिले काय माईत? काल इथं गवत होतं म्याडम. इतकं." त्यांनी कमरेशी हात लावला. "हात घातला त हात दिसत नव्हता. तिनं वाढवलं. माह्या बापाच्या जल्मात या बरडावर असं गवत नाही झालं."

हे वाक्य नगमा आज पहिल्यांदा ऐकत होती. दोन वर्षं अब्बा कुंपणाजवळून जाताना नुसते हसायचे.

सोमणबाईंनी चष्मा काढला. चिडतात की काय असं वाटलं सगळ्यांना. पण त्यांनी तो पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. त्यांना हसू आवरत नव्हतं असं निदान ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

"एवढं सगळं गवत काल दुपारपासून संपवलं?"

"हाव."

"कोणी?"

"ढोराईनं. आनखी कोन खाईन?"

"या तिघींनी?"

खुशालरावांनी आभाळाकडे पाहिलं. "नाही," शफीकभाई म्हणाले. "या त दाखवाच्या. काल चरले ते नत्थुजीच्या गोठ्यामांगं नेऊन बांधले. चांगले दिसून राहिले होते म्हणून."

"चला, मला ती दाखवा," बाई म्हणाल्या.

असं कधी कोणत्या पथकानं म्हटलं नव्हतं. सगळा गाव त्यांच्यामागं निघाला, गोंधळलेला आणि थोडा शरमलेला. नत्थुजी सगळ्यांत पुढं पळत होता, शेण तरी बाजूला करावं म्हणून.

गोठ्यामागं निंबाच्या सावलीत गावची ढोरं बसली होती. उन्हं चांगली वर आली होती. एरवी या वेळी दावी तोडायला निघणारी ही जनावरं आज उठायला तयार नव्हती. डोळे अर्धे मिटून, पोटं जमिनीला लावून निवांत रवंथ चालला होता. माणसं आली तरी एकीनंही मान वळवली नाही. गावानंही आपली ढोरं बऱ्याच दिवसांत अशी पाहिली नव्हती.

"दूध?" बाईंनी विचारलं.

नत्थुजीनं खुशालरावांकडे पाहिलं. सांगावं की नाही, ठरेना. "सांग बे आता," खुशालराव वैतागून म्हणाले.

"जास्त आलं आज," नत्थुजी म्हणाला. "बायको म्हने, मोठ्यानं बोलू नोको, म्याडम येऊन राहिल्या."

आता मात्र हशा पिकला. बाईही हसल्या. नगमा हसली नाही. तिला वाटलं, आता काही बोलायचं राहिलं नाही. गवत गेलं ते गेलंच.

तेवढ्यात नत्थुजी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. रस्त्यात भेटला की गवतवाली म्हणून चिडवणारा हाच माणूस.

"मंग आता ते पुन्हा कवा येईन वो, नगमा?"

हसणं थांबलं. सगळे तिच्याकडे पाहू लागले. विचारायचं सगळ्यांनाच होतं, हे तोंडावरून दिसत होतं.

"माईत नाही, काका."

"अवो, सांग ना कायतरी!" शफीकभाई कासावीस झाले. "म्याडम आयकून राहिल्या."

"खरंच माईत नाही, अब्बा. एकदा असं बुडापासून चरल्यावर पवन्या कितीदा उठते, का मंग पुन्हा कुसळीच येते, या बरडावर कोनीच पाह्यलं नाही. वाट पाहा लागन."

"किती वाट?" मागून कोणीतरी विचारलं. "बाकीच्या गायरानाचं बी असंच होईन का?" दुसऱ्यानं विचारलं. "अन् बकऱ्या?" एका बाईनं विचारलं. नगमा एकाएकाकडे वळून सांगत होती, हे ठाऊक आहे, हे नाही, हे पाहावं लागेल.

सोमणबाई निंबाला टेकून सगळं ऐकत होत्या. खूप वेळानं त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"तीन वर्षांनी सांगेल ती तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि जीपकडे चालू लागल्या.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. शफीकभाई पोरीजवळ सरकले.

"तीन वर्ष त त्या शिष्यवृत्तीचेच ना वो?"

नगमानं मान डोलावली.

शफीकभाईनं गर्दीकडे वळून मशिदीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला.

"आयका सारे! आजपासून कोनाचं ढोर बरडावर दिसलं, त माह्याशी गाठ आहे. अन् माहं दिसलं, त पयले त्याले हाकला, मंग मले."