श्रवणयंत्रांच्या दुकानातला फोन

कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं विकणाऱ्या दुकानात फोन कसा असावा, यावरून भाऊ-बहीण महिनाभर भांडत होते. म्हणजे बहीण भांडत होती. भाऊ "बघू" म्हणत होता.

दुकान वडिलांनी सुरू केलेलं. मागची खोली धाकटीची. तिथे ती कान तपासायची, यंत्रासाठी कानाचे साचे घ्यायची, यंत्रं बसवायची. पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच. पुढची खोली दादाची. तिथे काउंटर, फोन आणि 'व्यवस्थापन', जे नेमकं काय असतं हे धाकटीला अजून कळलेलं नव्हतं.

फोन वाजला की जवळ असेल त्याने उचलायचा आणि ओरडायचं, ही दुकानाची रीत. गिऱ्हाइकंच तशी. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत खून चाललाय. आत बॅटरी कुठल्या बाजूने घालायची ते सांगणं चाललेलं असायचं. दादाला अलीकडे याची लाज वाटायला लागली होती. त्याने नवी यंत्रणा शोधली होती. फोन केला की आधी संगीत, मग एक गोड बाई सांगणार, तपासणीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन, हिशेबासाठी तीन. हे तिन्ही फोन त्याच काउंटरवर, एकमेकांपासून हातभर अंतरावर वाजणार होते.

धाकटीने समजावून पाहिलं होतं. आपल्या माणसांना समोर बसलेल्याचं ऐकू येत नाही, त्यांना संगीतामागची बाई कुठून ऐकू येणार? आकडा दाबायला फोन कानापासून काढून पुन्हा लावेपर्यंत बाई पुढे निघून गेलेली असणार. दादाचं म्हणणं, जग पुढे चाललंय. वहिनीचं म्हणणं, बाईचा आवाज तेवढा घरंदाज असावा.

शेवटी गेल्या आठवड्यात दुकान बंद करताना धाकटीने सांगून टाकलं, की माझ्या माणसांना त्या बाईच्या तोंडी देणार असशील तर मी वेगळी होते, समोरच्या इमारतीत स्वतःचं दुकान टाकते. चिडली की धाकटीचा आवाज चढत नाही, पार तळाशी जातो. दादा पाठमोरा, शटरला कुलूप लावत होता. "बघू," म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून चालू लागला.

तेव्हापासून तिचं डोकं फिरलं होतं. वडिलांचं दुकान मोडायची भाषा केली, तरी हा माणूस बघू म्हणतो! दुसऱ्या दिवशी ती खरोखरच समोर जाऊन गाळा पाहून आली.

आज यंत्रणा विकणारा टायवाला आला. त्याने काउंटरवर लॅपटॉप उघडला, नमुन्याचा फोन दादाच्या हातात दिला आणि मान खाली घालून तारा जोडू लागला. दादाने फोन कानाला लावला, डोळे अर्धवट मिटले.

"वा," तो म्हणाला. "आवाज अगदी स्पष्ट आहे."

"सर, अजून सुरू नाही केलेलं," टायवाला लॅपटॉपमध्ये तोंड घालून म्हणाला.

"हो ना. घेऊन टाकू."

टायवाल्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटी दादाकडे पाहत होती. समोरच्याच्या ओठांना चिकटलेले डोळे, गरज पडण्याआधीच तयार ठेवलेलं हसू. असे चेहरे ती रोज मागच्या खोलीत बघायची. घरातल्या माणसाकडे मात्र तिने कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. अलीकडे फोन वाजला की दादाला नेमकं कपाट आवरायचं का सुचतं, तेही आता कळलं.

टायवाल्याला तिने बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दादासमोर येऊन उभी राहिली.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

दादाने आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल. बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे. या घरातलं कोणाला तरी ऐकू जाऊ दे."

मग एकेक बाहेर आलं. समोरचं माणूस दिसत असलं की भागतं, फोनवर नुसती कुजबुज. पण दुकानदारानेच यंत्र घातलं तर लोक काय म्हणतील? चष्मेवाल्याला चष्मा चालतो ना, असं धाकटीने विचारलं.

"चष्म्याने माणूस शिकलेला दिसतो," दादा म्हणाला. "यंत्राने म्हातारा."

हे खूळ ती रोज गिऱ्हाइकांच्या डोक्यातून काढत होती, आणि पुढच्या खोलीत ते मालकाच्या डोक्यात सुखाने नांदत होतं.

"आणि मी वेगळी होते म्हणाले, तेव्हा काय ऐकलंस?"

दादाचा चेहरा उतरला. "वेगळी? मला वाटलं, शटरला तेल घालायला सांगतेयस."

"मग 'बघू' का म्हणालास?"

"ते सगळ्यालाच चालतं."

तिने त्याला दंडाला धरून मागे नेलं, खुर्चीत बसवलं आणि साच्याचा लगदा त्याच्या उजव्या कानात भरला. तो घट्ट होईपर्यंत ती गप्प उभी होती. ऐकायला कोणी नसताना बोलून राग वाया घालवायचा नव्हता. साचा निघाल्यावर ती त्याच्या तोंडासमोर बसली आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "फोन माणूसच उचलेल. तू दोन्ही कानांत यंत्रं घालून काउंटरवर बसशील. नाहीतर मी चालले."

दादाने हातातल्या रुमालाची घडी घातली.

"कातडीच्या रंगाचं मिळेल ना?"

"लाल मिळेल," धाकटी म्हणाली.

दादाने मान वळवली आणि डावा कान पुढे केला.