निळ्या काठाची बॅटरी

चिकटपट्टीचं ते काळं टोक, जेमतेम नखाएवढं, चिमट्यात आलं, निसटलं, पुन्हा आलं, आणि तिने श्वास रोखून ते आडवं, अगदी सावकाश, फोनच्या अंगाला धरून ओढायला सुरुवात केली. वर ओढलं तर तुटतं. घाई केली तरी तुटतं. रोज पंधरा-वीस फोनांच्या पोटातून ती अशा पट्ट्या ओढून काढते, आणि ताईंच्या हातून पट्टी तुटत नाही असं दुकानात सगळे म्हणतात. पण हा फोन नवऱ्याचा होता, आणि पट्टी अर्ध्यावर तुटली.

मग प्लास्टिकची उचकणी खालून सरकवून, जरा जरा हलवत, बॅटरी सोडवावी लागली. निळ्या काठाची बॅटरी. तीन महिन्यांपूर्वी तिनेच निवडलेली. दोन पुरवठादारांचे नमुने आले होते, एकाच्या बॅटऱ्यांना पांढरा काठ, दुसऱ्याच्या निळा, आणि मालकांनी दोन्ही खोकी तिच्या टेबलावर ठेवून म्हटलं होतं, "ताई, तुम्ही सांगाल ती." तिने आधी काट्यावर वजन केलं, कारण हलकी बॅटरी म्हणजे आत माल कमी, मग दोन्हींतल्या तीन-तीन यंत्राला लावल्या. किती वीज मावते याचा वर छापलेला आकडा तीन हजार. पांढऱ्या सव्वीसशेच्या आसपास दमल्या, निळ्या तिन्ही एकोणतीसशेच्या पुढे गेल्या. निळी, असं तिने सांगितलं, आणि त्या खोक्यातली पहिली बॅटरी घरी नेऊन नवऱ्याच्या फोनमध्ये स्वतःच्या हाताने बसवली. केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा, स्वतःचंच.

आणि आता तीन आठवडे तो म्हणतोय, दुपारी तीन वाजले की फोन मान टाकतो.

आधी तिने ऐकून सोडून दिलं. मग म्हणाली, बोलत बसत असशील. तो हसला. "अगं, मी वापरतच नाही, वेळ कुठे असतो?" त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं; दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या विहिरीसारख्या पोकळीत लोंबकळायचं, हात ग्रीसने माखलेले, फोन खिशात. खरंच वेळ कुठे असतो? पण मग फोन संपतो कसा? बॅटरी तर मी निवडलीय. वजन करून, मोजून, तीनदा. बॅटरी चांगली म्हणजे फोन वापरला जातोय, आणि वापरला जातोय म्हणजे तो खोटं बोलतोय, आणि तो खोटं बोलतोय म्हणजे... इथे आलं की दर वेळी तिला भिंगरी दिसायची.

भिंगरी हे नाव त्यानेच ठेवलेलं. त्याच्या टोळीत चार महिन्यांपूर्वी आलेली नवी बाई, वायरिंग करणारी. अरुंद जागेत सरसर शिरते, एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी. आज भिंगरीने काय केलं माहितीये, असं म्हणून तो जेवताना आधी स्वतःच हसायचा आणि मग सांगायचा. गोष्टीत तसं काही नसायचं. स्क्रू खाली पडला, तिने तो पायाच्या बोटांनी उचलला, एवढंच. पण ते आधीचं हसू... नऊ वर्षांच्या संसारात या माणसाने मला एक टोपणनाव दिलेलं नाही. मला तो 'अगं' म्हणतो. अगं म्हणजे कुणीही.

एकदा तिने तिला पाहिलंही होतं. त्याचा विसरलेला डबा द्यायला गेली तेव्हा फाटकाशी उभी होती. सडपातळ, केस कापलेले, कानावर पेन्सिल, नाक जरा मोठंच. दिसायला अगदी साधी. तेच जास्त झोंबलं. देखणी असती तर निदान नशिबाला बोल लावता आला असता. या साध्यासुध्या बाईत असं काय आहे जे माझ्यात नाही, हा प्रश्न घेऊन ती घरी आली आणि रात्री भांडी घासताना एक बशी फुटली.

बॅटरी रात्रभर चार्ज झालेली होती, शंभर टक्के. सकाळी निघताना त्याने फोन तिच्या हातात दिला, सिम काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये घातलं आणि म्हणाला, "बघतेस का जरा? भिंगरी म्हणते, बॅटरीतच खोट असणार."

भिंगरी म्हणते! म्हणजे माझ्या बॅटरीवर त्या दोघांची चर्चा होते. त्या पोकळीत, दोरखंडाला लटकून.

फोन सुरू असताना सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं असतं तर कशावर किती बॅटरी गेली याची यादीच समोर आली असती. बसमध्ये तिचा अंगठा दोनदा तिथपर्यंत गेला. दोनदा तिने तो मागे घेतला. नवऱ्याचे फोन तपासणारी बाई मी नाही, असं तिने स्वतःला बजावलं, आणि बॅटरी तपासणं वेगळं, तो माझा धंदाच आहे, असंही बजावलं. मन कसं वकील मिळवतं, बघा.

दहा वाजता तिने बॅटरी यंत्राला जोडली. यंत्र साधंच, बॅटरीतली वीज ठरावीक वेगाने काढून घेतं, किती निघाली ते मोजत जातं, आणि दाब तीन व्होल्टवर उतरला की थांबतं. तो तीनचा आकडा तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकने लावून दिलेला, त्याला आजवर कुणी हात लावला नव्हता. तासाला सहाशे. म्हणजे बॅटरी चांगली असेल तर दुपारी तीन वाजेपर्यंत चालेल. हिरवा आकडा हलला. एक. दोन. पाच.

इकडे आड तिकडे विहीर, हे तिला तेव्हाच कळलं. आकडा मध्येच थांबला तर नवरा खरा, पण मग माझा हात खोटा, आणि या तीन महिन्यांत ज्या ज्या फोनांत निळी बॅटरी गेली ते सगळे... आकडा एकोणतीसशेला पोचला तर माझा हात खरा, आणि नवरा...

"ताई, निळ्या अजून शंभर मागवायच्यात," मालक मागून म्हणाले. "आज सांगतो म्हटलंय त्यांना. सांगू ना?"

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

"का? काही खोट आहे?"

"एक लावलीय. बघते."

मालकांनी मान डोलावली. तिच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. इतका, की कधी कधी तिला त्याचं ओझं व्हायचं.

अकरा वाजता सहाशे. बारा वाजता बाराशे. मधल्या वेळात तिने दोन स्क्रीन बसवल्या, एका चार्जिंगच्या भोकातून खिशातला कापूस टोकरून काढला, आणि दर पाच मिनिटांनी मान वळवून हिरवा आकडा पाहिला. आणि काय, तर आकडा वाढला की तिला बरं वाटत होतं. हे लक्षात आलं तेव्हा चिमटा हातातच राहिला. आकडा वाढावा असं मला का वाटतंय? वाढला तर माझं घर... छे, पण वाढावाच. चढ रे बाबा. एकदाचं होऊन जाऊ दे. आपलेच दात, आपलेच ओठ. पण निदान दात किडके नव्हते हे तरी सिद्ध होईल.

दीड वाजता ती मागच्या खोलीत जेवायला गेली. डब्यातलं काय खाल्लं ते तिला आठवत नाही. ती मनातल्या मनात भाषण तयार करत होती. मी बॅटरी तपासली, असं शांतपणे म्हणायचं. पूर्ण भरली. मग एक शब्द बोलायचा नाही, नुसतं त्याच्याकडे बघायचं. खाई त्याला खवखवे. तो आपणहून बोलेल. आणि बोलला की... बोलला की काय करायचं, ते भाषणात नव्हतं.

परत आली तर काउंटरशी एक नर्सबाई उभ्या होत्या, गणवेशातच. दोन महिन्यांपूर्वी बॅटरी बदलून नेली होती.

"दुपारी बंद पडतो हो. ड्युटी संपायच्या आत."

"स्क्रीनचा उजेड कमी ठेवा," ती सवयीने म्हणाली. "मागे काय काय चालू असतं ते बंद करत जा."

"अहो, मी वापरतच नाही. वेळ कुठे असतो?"

तिने वर पाहिलं. बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि या बाई कुठल्या भिंगरीशी बोलत असतील असं तिच्या मनात क्षणभरही आलं नाही. बाईंवर विश्वास ठेवायला तिला काहीच लागलं नाही. नवऱ्याचं तेच वाक्य, शब्दन् शब्द तेच, आणि त्याला मात्र यंत्राला लावून ठेवलं होतं.

"उद्या या," ती म्हणाली. "बदलून देते."

तीनला नऊ मिनिटं कमी असताना यंत्र वाजलं. दोन हजार नऊशे बारा.

जिंकले, असं पहिल्यांदा वाटलं. मग पुढचं आलं. म्हणजे तो खोटं बोलतोय. हातातली बॅटरी कोमट होती, फुगलेली नव्हती, वजनाला भरत होती, निर्दोष होती. मग नर्सबाई? त्याही खोट्या? आणि गेल्या आठवड्यात हीच तक्रार घेऊन आलेला तो बस ड्रायव्हर, तोही? तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शेवटचा आकडा सोडून यंत्राने काढलेली रेघ पाहिली. रेघ सरळ चालली होती, आणि एकवीसशेच्या थोडं पुढे रेघेनेच एकदम मान खाली घातली. तीन पूर्णांक चार व्होल्टच्या खाली. उरलेले आठशे बॅटरीने तिथून सरपटत, तीन व्होल्टपर्यंत, दिले होते.

फोन तीनपर्यंत थांबतच नाही. तीन पूर्णांक चारला तो स्वतःहून बंद होतो. हे तिला माहीत होतं. या धंद्यात हे कुणाला माहीत नाही? पण यंत्र तीनवर लावलेलं, आणि ती बघायची शेवटचा आकडा. हौदाचा नळ वीतभर वर बसवायचा आणि हौद किती भरलाय ते तळापासून मोजायचं, असा हा प्रकार. तळाचं पाणी होतं, पण कुणाच्या बादलीत येणारं नव्हतं. नवऱ्याच्या तर नाहीच.

म्हणजे तो खरं बोलत होता. सगळे खरं बोलत होते.

तिला हायसं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. दुकानात कुणाचा तरी फोन दुरुस्त होऊन पहिल्यांदा वाजला, कुणीतरी हसलं. हायसं काही वाटेना. उलट कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखं झालं, कारण तीन आठवडे तिने तो संशय जपला होता, रोज थोडा खाऊ घातला होता. आणि आता तो मेला तर भिंगरी बरोबर ठरणार होती. बॅटरीतच खोट असणार, म्हणाली होती ती. यंत्र नाही, काटा नाही, कानावर पेन्सिल लावून म्हणाली. आणि बरोबर म्हणाली.

मालकांना तिने साडेपाचला सांगितलं. रेघ दाखवली, नीट समजावलं, चूक माझी आहे म्हणाली. "मागवू नका. दिलेल्याही परत बोलवाव्या लागतील." मालकांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं झालं तुम्ही लावलीत ती." रागावले असते तर सोपं गेलं असतं.

सहा वाजता जुन्या फोनवरून त्याचा फोन आला. मागे घण घण आवाज, कुणीतरी बाईच्या आवाजात काहीतरी ओरडत होतं, लिफ्ट सोड की काय असं.

"काय निघालं गं?"

मालकांना सांगताना जीभ अडली नव्हती. आता सांगायचं एवढंच होतं, की खोट होती, चुकले मी. तिने तोंड उघडलं, आणि मागे तोच बाईचा आवाज आता हसला.

"चांगली आहे," ती म्हणाली. "एकोणतीसशे भरली."

आता तो गडबडेल. आता आवाज बदलेल. ती कान लावून उभी राहिली, दुसरा कान बोटाने बंद करून.

"बघ!" तो म्हणाला. त्याचा आवाज खुशीत होता, अगदी खुशीत. "मी हिला कधीचा सांगतोय, माझ्या बायकोने निवडलेली बॅटरी खराब निघूच शकत नाही. पैजच लागली होती. ए भिंगरे, हरलीस! चहा तुझ्याकडे!"

"मग फोन बंद का पडतो?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"पडत असेल. माझंच काहीतरी चुकत असणार. तू मोजलंस म्हणजे संपलं." मग आवाज खाली आणून, "अगं, सगळ्यांना सांगत असतो मी. नऊ वर्षांत एकदा चुकलेली बघितली नाही तुला."

तिने फोन ठेवला. टेबलावर नवऱ्याचा फोन पोट उघडं टाकून पडला होता. नमुन्याच्या खोक्यातली पांढऱ्या काठाची बॅटरी, यंत्रातल्या जुन्या नोंदीत जिची रेघ पंचवीसशेपर्यंत वरच राहिली होती, तिने हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. ही बसवली तर उद्यापासून फोन संध्याकाळपर्यंत टिकेल आणि त्याला वाटेल, आपलंच काहीतरी सुधारलं. नाही बसवली तर तो रोज तीनला बंद पडेल, आणि तो रोज स्वतःलाच दोष देईल, हसत, कुणाबद्दल काहीही मनात न आणता.

भिंगरी आता डोळ्यांसमोर येत नव्हती. आणायचा प्रयत्न केला तरी येईना, नुसती पेन्सिल आली. त्या पोकळीत दोरखंडाला लटकून, हात ग्रीसने माखलेले असताना, नवरा दिवसभर ज्या बाईबद्दल बोलत असतो ती दुसरीच कुणीतरी होती. ती मोजते म्हणजे संपलं. ती नऊ वर्षांत चुकली नाही, तिने कधी कुणाला यंत्राला लावून तिथे डोळे लावून बसणं शक्यच नाही, आणि तिच्यासाठी तो पैज लावतो. तिच्या नवऱ्याने तिला टोपणनाव दिलेलं नाही, कारण तिला ते लागतच नाही. मी या बाईला कधी भेटले नाही. आणि तिने पांढऱ्या बॅटरीचं टोक जागेवर दाबलं, बारीक टक आवाज झाला, आणि त्या बाईचा तिला असा काही हेवा वाटला, की दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, मालकांनी दोनदा हाक मारली, तरी तिला उठवेना.