पद्मजाच्या मापाचा कोट

मी हिरवा मखमली कोट बोलतोय. दिसतो राजेशाही, पण आतून पार उसवलोय. माझ्याकडून काय करवून घेतलं, ते ऐकाच.

दोन हजार वीसच्या सप्टेंबरात डब्लिनमध्ये मला शिवलं, एका रशियन कवीवरच्या ऐतिहासिक चित्रपटासाठी. गोष्टीतल्या कवीची आई रशियातल्या आस्त्राखान शहरच्या हिंदुस्थानी व्यापाऱ्याची लेक. "तिला तिच्या खऱ्या रंगात दाखवणार," असं दिग्दर्शक जगाला सांगत सुटला होता. त्या आईसाठी निवडली डब्लिनच्याच ओंगार भागातली पद्मजा. एरवी औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची हुकमी नटी. तिच्याच मापानं मला बेतलं.

पहिल्याच दिवशी बाईंनी काय करावं? पर्समधून कुंकू काढलं आणि माझ्या कोपऱ्याला लावलं! नवं वस्त्र तसंच कसं घालायचं? वेशभूषेची नोरा धावतच आली. पद्मजा ओशाळली, "सॉरी, सवयीनं हात गेला."

"ग्रँड, ग्रँड," चालेल म्हणायच्या आयरिश ढंगात नोरा हसली. "आतल्या बाजूला आहे, नाही दिसणार."

मला तर भरून आलं. इतक्या मायेनं आजवर कुणी हात लावला नव्हता.

दृश्य एकच होतं. बाळ कवीला मांडीवर घेऊन अंगाई म्हणायची. "तुमच्याकडचीच गा," दिग्दर्शक म्हणाला. पद्मजानं आपल्या आईची अंगाई गायली. मास्क लावलेली माणसं डोळे पुसत होती. चित्रपटाच्या जाहिरातीत तिचा फोटो सगळीकडे झळकला. तिची आई नागपूरला, करोनानं येणं-जाणं बंद. म्हातारी फोनवर म्हणाली, "आता पडद्यावर तरी डोळे भरून पाहीन बाप्पा तुला!"

फेब्रुवारीत मला पुन्हा खोक्यातून काढलं. वाटलं, पद्मजा आली! कसलं काय, तेच दृश्य पुन्हा घ्यायचं होतं, आणि माझ्यात दुसरीचेच गोरे खांदे. "पाठमोरी बस, म्हणजे बाई बदललेली कळणार नाही," दिग्दर्शक तिला म्हणाला. "कवी गोरा आणि आई सावळी, लोक गोंधळतील." अंगाई मात्र पद्मजाचीच ठेवली. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे! मी ओरडलो असतो हो, पण कोटाला कुठलं आलंय तोंड?

पद्मजाला कुणी एका अक्षरानं कळवलं नाही. वर शहाजोगपणे मला तिच्या घरी भेट म्हणून पाठवलं.

चित्रपट ऑनलाइन आला, तेव्हा ती मला घालूनच सोफ्यावर बसली. शेजारी नवरा नंदकुमार आणि लेक तन्वी, व्हिडिओ कॉलवर नागपूरची आई. अंगाई सुरू झाली. पडद्यावर नुसती पाठ.

आवाज ओळखून म्हातारी कळवळली, "अवं पद्मे, वळ ना वं इकडे! तोंड तरी दाखव!"

तन्वी हळूच म्हणाली, "मम, दॅट्स नॉट यू."

पद्मजानं मला अंगातून काढलं. केसानं गळा कापला तिचा, आणि त्यात मला सामील करून घेतलं. तेव्हापासून मी दारामागच्या खुंटीला आहे. ती येता-जाता माझ्याकडे बघतही नाही. बाई गं, ते खांदे मी मागितले नव्हते. मी तुझ्याच मापाचा आहे.

आज दिग्दर्शकाच्या ऑफिसातून फोन आला. चित्रपटातल्या विविधतेवर कार्यक्रम ठेवलाय, तोच कोट घालून फोटोला याल का?

पद्मजानं कितीतरी दिवसांनी मला खुंटीवरून काढलं, उराशी धरलं आणि फोनवर म्हणाली,

"येते की. पण मी पाठमोरी उभी राहीन."